चांगल्या कातडीचा तुकडा

फॉर्मेलिनच्या डबीतला तुकडा पाहिला तर चांगल्या कातडीला उगीच सुरी लावलीय असंच वाटेल. चट्टा नाही, गाठ नाही. पण पॅथॉलॉजीच्या टेबलावर तो उलटा करून आधी तळ बघतात. पिवळी चरबी आहे ना? नसेल तर सर्जनने वरवर कापलंय, आणि तपासणीचा निम्मा अर्थ तिथेच गेला.

ज्याचा हा तुकडा, त्या पेशंटचा ताप हटत नाही, रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम चढलेलं, स्कॅनमध्ये गाठ नाही. संशय इंट्राव्हॅस्क्युलर लार्ज बी-सेल लिम्फोमाचा. या दुर्मीळ, झपाट्याने बळावणाऱ्या कॅन्सरच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतच साचतात. मेंदू, फुप्फुसं, कातडी, कुठेही. १९५९ साली व्हिएन्नाच्या प्फ्लेगर आणि टापाइनर यांनी तो प्रथम नोंदवला, तेव्हा तो रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा रोग समजला गेला. पुढेही बऱ्याच जणांचं निदान शवविच्छेदनातच व्हायचं. वरून निरोगी दिसणाऱ्या कातडीतही या पेशी सापडतात हे कळल्यावर मांडी, पोट, दंड अशा जागांचे तुकडे घेण्याची पद्धत आली. जपानमध्ये ती चांगलीच रुळली.

चरबी कापणं मात्र टेक्निशियनची परीक्षा. तिच्यात मेण नीट मुरलं नसेल तर सेक्शन फाटतो. म्हणून मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, बर्फावर गार करायचा, मायक्रोटोमचं चाक संथ फिरवायचं. तीन-चार मायक्रॉनची रिबन कोमट पाण्यावर तरंगते, सुरकुत्या सुटतात, मग खालून स्लाइड घालून ती अलगद उचलायची. या हाताचं नाव रिपोर्टवर कधी येत नाही. यायला हवं.

मायक्रोस्कोपखाली वरचे थर भराभर सरकवले जातात. चरबीतल्या एका बारीक वाहिनीपाशी हात थांबतो: आत मोठ्या, गडद केंद्रकांच्या पेशी दाटीने बसलेल्या, भिंतीबाहेर एकही नाही. बी-पेशींची खूण असलेल्या सीडी-२०चं स्टेनिंग केल्यावर त्या तपकिरी होतात. वाहिनीच्या अस्तराची खूण असलेल्या सीडी-३४ने तिची कड उठून दिसते.

याच पेशंटच्या पोटाच्या आणि दंडाच्या तुकड्यांत काहीच नव्हतं. सापडलं ते मांडीच्या तुकड्यात, तेही ब्लॉक आणखी खोलवर कापल्यावर. त्यामुळे एखादा तुकडा कोरा निघाला म्हणून या आजाराचं नाव यादीतून खोडत नाहीत. रिपोर्ट टाइप व्हायच्या आत वॉर्डला फोन गेला. इथे उपचार लांबवून चालत नाही.