निःशस्त्र सीमोल्लंघन

विजयादशमीस आपल्याकडे शस्त्रपूजन होते आणि नंतर वेशीबाहेर जाऊन सीमोल्लंघन. हाती कोणतेही शस्त्र न घेता, वयाच्या बावन्नाव्या वर्षी गावाची वेस ओलांडणाऱ्या एका ख्रिस्ती धर्मगुरूचे स्मरण आजच्या दिवशी अप्रस्तुत ठरू नये.

रेव्हरंड रूपर्ट इंग्लिस यांचा जन्म १७ मे १८६३ चा. १८५७ साली लखनौच्या रेसिडेन्सीस वेढा पडला असता सर हेन्री लॉरेन्स यांच्या मृत्यूनंतर तेथील सेनेचे आधिपत्य ज्यांच्याकडे आले, ते जॉन इंग्लिस त्यांचे वडील. (आपल्या दृष्टीने तो स्वातंत्र्यसंग्राम, त्यांच्या घरी मात्र ती शौर्यगाथा!) पुत्रमुख पाहण्यापूर्वीच, १८६२ मध्ये, वडील निवर्तले. वेढ्यात पतीसमवेत असलेल्या मातेची दैनंदिनी पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

रूपर्ट शरीराने बळकट. लंबगोल चेंडू छातीशी धरून प्रतिपक्षाच्या धडका झेलीत पुढे जाण्याचा रग्बी हा खेळ त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाकडून व १८८६ मध्ये तीन सामन्यांत इंग्लंडकडून खेळला. त्यानंतर त्यांनी धर्मदीक्षा घेतली. १९०० पासून केंट परगण्यातील फ्रिटेंडन या लहानशा गावाचे ते धर्मगुरू होते. पत्नी, तीन अपत्ये, बाप्तिस्मे, विवाह, अंत्यविधी. असा संथ प्रपंच चालला होता.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. सैन्यात जाणे हे कर्तव्य आहे, असे ते गावातील तरुणांना सांगत. परंतु इतरांना घरदार सोडावयास सांगून आपण मात्र सुखाने घरी राहावे, हे त्यांच्या मनाला डाचू लागले. त्या वयात त्यांना कोणी बोलाविले नव्हते. तरीही १९१५ च्या जुलैमध्ये ते सैन्याचे धर्मगुरू झाले आणि आपण का जात आहो, हे त्यांनी ग्रामस्थांस पत्राने कळविले. सैनिकी धर्मगुरू शस्त्र बाळगीत नाही. जखमींची शुश्रूषा, मरणोन्मुखांजवळ प्रार्थना, मृतांचे दफन, एवढेच त्याचे काम.

१८ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर, जिंशी गावाजवळ ते घायाळांना उचलून आणणाऱ्या तुकडीबरोबर पुढे गेले. तोफगोळ्याचा तुकडा लागून ते जखमी झाले. जखम बांधली जात असतानाच दुसरा गोळा येऊन पडला व त्यांचा अंत झाला.

ज्यांची थडगी कोठे आहेत हे ठाऊक नाही, अशा सत्तर हजारांहून अधिक वीरांची नावे थीपव्हाल येथील स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांत या धर्मगुरूचेही नाव आहे.