लढाईचा इतिहास : गौरवासाठी की समजुतीसाठी?

इतिहासाच्या पुस्तकात १८०३ सालच्या ‘देवगावच्या तहा’चा उल्लेख आला, की कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीच्या एखाद्या विद्यार्थ्याला तो तह आपल्याच गावी झाला असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. नागपूरकर रघूजी भोसले आणि इंग्रज यांच्यात १७ डिसेंबर १८०३ रोजी झालेला तो तह वऱ्हाडातील देवगावचा होय. गंमत अशी, की ज्या घटनेवर या विद्यार्थ्याने शेजारी म्हणून खरोखर हक्क सांगावा, ती त्याला बहुधा दूरची वाटते. पहिला बाजीराव आणि निजाम-उल-मुल्क यांची पालखेडची प्रसिद्ध मोहीम १७२८ साली जेथे संपली, ते पालखेड शेजारच्याच वैजापूर तालुक्यात आहे. परंतु नाशिक जिल्ह्यातील पालखेड धरणाचे नाव अधिक परिचित असल्यामुळे पुष्कळांची तेथेही गल्लत होते.

ही नावांची गल्लत क्षम्य आहे. तिच्या मुळाशी असलेली सवय मात्र विचार करण्याजोगी आहे. आपल्याकडे लढाई शिकवली जाते ती तीन गोष्टींत : साल, दोन पक्ष आणि विजेता. जमीन, अंतर, ऋतू, पाणी, दाणागोटा यांचा त्यात मागमूस नसतो. त्यामुळे लढाई कशी झाली हे न कळताच ती पाठ होते, आणि पाठ झालेल्या गोष्टीचा एक तर अभिमान वाटतो किंवा परीक्षा संपताच तिचा विसर पडतो. समजूत या दोहोंत कोठेच येत नाही.

पालखेड म्हणजे काय झाले?

पालखेडचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे, कारण तेथे रूढ अर्थाने मोठी हातघाईची लढाई झालीच नाही. कोल्हापूरच्या संभाजीराजांचा दावा पुढे करून निजामाने शाहू महाराजांची चौथाई व सरदेशमुखी अडवली होती. १७२७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस सत्तावीस वर्षांचा पेशवा बाहेर पडला. तो निजामाच्या मुख्य सैन्यावर चालून गेला नाही. जालना, सिंदखेड, वाशीम या बाजूचा मुलूख त्याने उद्ध्वस्त केला, तेथून तो खानदेशाकडे वळला, आणि बुऱ्हाणपूर लुटणार अशी आवई उठवून तापी ओलांडून गुजरातेत शिरला. निजाम बुऱ्हाणपूर वाचवायला धावला. आपण फसलो हे ध्यानात येताच त्याने उलट डाव टाकला आणि तो थेट पुण्यावर चालून गेला.

पुणे पडले. कोणीही सेनापती अशा वेळी आपले घर राखायला परतला असता. बाजीराव परतला नाही. तो निजामाच्या औरंगाबादेच्या रोखाने निघाला, आणि पुणे सोडून मागे वळण्याची पाळी निजामावरच आली. वेग साधण्यासाठी त्याने आपला अवजड तोफखाना मागे ठेवला. गोदावरी ओलांडून तो पुढे आला आणि फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस पालखेडच्या परिसरात, पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या मुलखात, मराठी घोडदळाने त्याला चहूबाजूंनी कोंडले. धान्य तुटले, पाणी तुटले. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगाव येथे तह झाला. त्यात शाहू महाराजांचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क निजामाला मान्य करावा लागला आणि संभाजीराजांचा पाठिंबाही सोडावा लागला.

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी याने युद्धाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात या मोहिमेचा गौरव केला आहे, हे अनेक जण अभिमानाने सांगतात. परंतु त्याने कशाचा गौरव केला, तर हालचालींचा, सैन्य कोठून कोठे आणि केव्हा नेले याचा. नेमकी हीच गोष्ट नकाशा समोर घेतल्यावाचून समजत नाही.

खेळातून अभ्यास

नकाशावर लढाई मांडून ती समजून घेण्याची शिस्तबद्ध पद्धत आता दोनशे वर्षांची झाली आहे. प्रशियात राईसविट्झ पितापुत्रांनी ती घडवली. पित्याने १८१२ साली राजासाठी जमिनीचे उंचसखल ठोकळे मांडून खेळ तयार केला. पुत्राने १८२४ साली प्रमाणबद्ध नकाशा, फासे आणि पंच यांची जोड देऊन त्याला नियमांत बसवले. तेथून तो सैनिकी शिक्षणात गेला. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने खेळण्यातील शिपायांच्या लढायांचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, १९५४ साली अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स याने अशा खेळाचा पट विक्रीस आणला, आणि इतिहासातील लढाया घरच्या टेबलावर पुन्हा लढून पाहणे हा जगातील हजारो लोकांचा छंद बनला. त्यात शिक्षक, कारकून, विद्यार्थी असे सामान्य लोकच अधिक असतात.

हे सारे आपल्याला परके आहे असेही नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे पटावर मांडण्याची कल्पना याच देशातील. मात्र बुद्धिबळात प्रतिपक्षाचे प्रत्येक मोहरे डोळ्यांसमोर असते आणि कोणत्याही घोड्याला तहान लागत नाही. युद्धक्रीडेत शत्रू कोठे आहे हेच ठाऊक नसते. दिवाळीत आपली मुले मातीचे किल्ले बांधतात. बुरूज, तटबंदी, पायऱ्या यांची हौस दांडगी असते. सिंहासनावर महाराज आणि वाटेवर मावळे बसतात. किल्ला तयार होतो, पण त्याला कधी वेढा पडत नाही. गडावर पाणी किती, धान्य किती महिने पुरेल, शत्रू कोणत्या सोंडेवरून चढेल, हे प्रश्न मुलांना कोणी विचारीत नाही. ते विचारले, की त्या किल्ल्याची युद्धक्रीडा होते.

देवगाव रंगारीच्या शाळेत पालखेडचा खेळ मांडायचा तर त्याला खर्च जवळजवळ नाही. एक मोठा नकाशा, अंतर मोजायला दोरा, सैन्यांच्या जागी रंगीत खडे आणि विद्यार्थ्यांचे दोन गट. प्रत्येक गटाने त्या दिवसाचा हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाकडे द्यायचा. हेरांना जेवढे कळले असते तेवढेच पंचाने प्रतिपक्षाला सांगायचे. घोडदळ दिवसाला किती कोस जाईल आणि तोफा ओढणारे बैल किती, हे आधी ठरवावे लागेल. त्यासाठी ज्यांनी बैलगाडीने बाजार केले अशा वृद्धांना विचारता येईल. उन्हाळ्याच्या तोंडावर या भागात पाणी कोठे टिकते हे तर या मुलांना कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक असते. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा ती येथे अधिक जाणकार ठरतील.

जमिनीची अशी जाण किती निर्णायक ठरते, याचे उदाहरणही फार लांब नाही. सध्या जालना जिल्ह्यात असलेल्या असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली. केळणा नदीला जवळपास उतार नाही असे वाटाडे सांगत होते. वेलस्लीने दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहिली. शेजारची गावे एकमेकांकडे जा-ये केल्याशिवाय राहणार नाहीत, तेव्हा येथे उतार असलाच पाहिजे, हा त्याचा तर्क खरा ठरला. खेड्यातील कोणत्याही मुलाला सहज सुचावा असा हा तर्क. परंतु त्या दिवशी तो इंग्रजांच्या कामी आला.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा येईल, की माणसे मरतात अशा गोष्टीचा खेळ करणे शोभते काय? आक्षेप गंभीर आहे. असईत विजयी इंग्रजांचेच दीड हजारांवर लोक मृत वा जखमी झाले. मराठ्यांची हानी त्याहून मोठी होती. खेळातल्या खड्यांना रक्त नसते हे विसरता कामा नये. तथापि युद्धाची खरी किंमत लपवली जाते ती खेळापेक्षा गौरवाच्या भाषणांत अधिक. वेल्सने आपल्या पुस्तकातच म्हटले होते, की हा खेळ काही वेळा खेळून पाहणाऱ्याला खरे महायुद्ध किती भोंगळ प्रकार असेल ते उमगते. त्यानंतर एकाच वर्षाने पहिले महायुद्ध पेटले.

दुसरा आक्षेप उघडपणे कोणी घेणार नाही, पण तोच अधिक अवघड आहे. खेळात निजाम जिंकला तर? शिक्षक चुळबुळतील, मुले चिडतील आणि पंच निकाल थोडा वळवील. याच ठिकाणी या छंदाची खरी कसोटी आहे. १९४२ च्या मे महिन्यात जपानी नौदलाने मिडवेच्या स्वारीपूर्वी तिची युद्धक्रीडा करून पाहिली. फाशांनुसार जपानच्या दोन विमानवाहू नौका बुडाल्याचा निर्णय पंचाने दिला. ॲडमिरल उगाकी याने तो फिरवून हानी कमी केली, आणि जी एक नौका बुडाली असे मान्य झाले तीही पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागली. महिन्याभराने, जूनमध्ये, मिडवेच्या खऱ्या समुद्रावर जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या. तेथे निकाल फिरवायला कोणी नव्हते.

म्हणून एखाद्या विद्यार्थ्याने निजामाच्या जागी बसणे हे बाजीरावाच्या जागी बसण्याइतकेच मोलाचे आहे. त्या जागी बसल्यावर त्याला दिसेल, की निजाम मूर्ख नव्हता. बुऱ्हाणपूर वाचवणे योग्य होते, पुण्यावर जाणे धाडसाचे पण समंजस होते, तोफा मागे ठेवणेही वेगासाठी आवश्यक होते. एकेक निर्णय सुटा पाहिला तर बरोबर, आणि त्यांची बेरीज मात्र पालखेड. प्रतिपक्षाला मूर्ख ठरवल्याने बाजीरावाचे मोठेपण वाढत नाही, कमीच होते.

याचा पुढचा धडा तर अधिकच बोचणारा आहे. पालखेडनंतर तेहतीस वर्षांनी पानिपतावर मराठी फौजेची रसद तुटली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशीपोटी बाहेर पडून तिला लढावे लागले. जे हत्यार १७२८ साली आपण वापरले, तेच १७६१ साली आपल्यावर उलटले. हे कसे घडले, हा प्रश्न पालखेडचा डाव दोन्ही बाजूंनी खेळलेला विद्यार्थी आपणहून विचारील. त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारख्या इतिहासकाराने पानिपताची निर्भीड चिकित्सा केली ती याच वृत्तीने. जयंतीच्या भाषणांनी ती वृत्ती अंगी बाणत नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले, ही समाधानाची गोष्ट आहे. किल्ला डोळ्यांना दिसतो, त्याची डागडुजी करता येते. रणभूमीचे तसे नाही. पालखेडच्या शिवारात पाहण्यासारखे काही उरलेले नसते. तेथे असते ती जमीन, तिचे चढउतार आणि तिचे पाणी. ती जपायची तर समजुतीनेच. देवगाव रंगारीसारख्या गावातील एखाद्या शिक्षकाने शनिवारची शाळा सुटल्यावर नकाशा पसरावा, वर्गाचे दोन गट करावेत, आणि ज्याला कोणत्याही बाजूचा निकाल धीटपणे सांगता येईल अशा मुलाला पंच नेमावे.