नांगराचे गिऱ्हाईक

परवा आमच्या कॉलेजच्या सभेत संस्थेचे चिटणीस म्हणाले, "सर, विद्यार्थी हे आपले गिऱ्हाईक. आणि तुमच्या मराठीला गिऱ्हाईक नाही!" बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला मराठी घेतलेली मुले यंदा अकरा. विभाग ठेवायचा की मोडायचा, हाच रोख होता. 'सरस्वतीच्या मंदिरात गिऱ्हाईक कसले?' असे काहीसे मी रागाने बोलून गेलो. घरी येताना मात्र लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले.

त्यांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर केला. माल चोख, पण पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीत विष भिनते, ही शेतकऱ्यांची समजूत. आपण हसतो, पण नांगर फसला तर कारखानदाराचा एक नग परत येतो, शेतकऱ्याचे वर्ष जाते. ज्याचे वर्ष जाणार त्याने शंका घ्यायची नाही, तर कोणी? अशा माणसाला जाहिरातीतला ठळक टाइप पुरत नाही. त्याचे घोडे नेमके कुठे अडले आहे, हे जाऊन विचारणारा कोणी कारखान्यात असावा लागतो. मॅनेजरचे खरे काम हेच. हिशेब काय, कारकूनही ठेवील!

पुढे १९१० साली कुंडल रोडजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथून लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढली, ती कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांना कळावी म्हणून. हळूहळू वाचकांच्या आवडीचे इतर विषय तीत शिरले आणि तिचे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' आले, १९३४ साली 'मनोहर'. गेली अठरा वर्षे ही नावे मी फळ्यावर लिहितो. त्यांच्या मुळाशी नांगराचे गिऱ्हाईक आहे, हे वर्गात कधी सांगितले नाही. (लाज वाटत असावी.)

दुसऱ्या दिवशी मी मराठी सोडलेल्या मुलींची नावे काढली आणि एकेकीला विचारले. 'नोकरी मिळत नाही' असे दोघी म्हणाल्या. उरलेल्या सहाजणींचे उत्तर एकच: "सर, तुमचा तास साडेपाचला सुटतो. आमच्या गावची शेवटची एस.टी. सव्वापाचला."

तास सकाळी घ्यावा, असा अर्ज मी प्राचार्यांकडे दिला आहे. सकाळी खोली रिकामी नाही म्हणतात. ग्रंथालयामागच्या पडवीत बसायची माझी तयारी आहे.