भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण : पशुवैद्यकाशी करार करताना घ्यावयाची दक्षता

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील वाघोली हे हवेली तालुक्यातील मोठे गाव ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तेव्हापासून तेथील भटक्या कुत्र्यांच्या बंदोबस्ताची जबाबदारी ग्रामपंचायतीकडून महानगरपालिकेकडे गेली. शेजारची लोणीकंद, केसनंद ही गावे त्या वेळी समाविष्ट झाली नाहीत. परंतु कुत्र्यांना गावाची शीव कळत नाही. एका गावाने काम केले व शेजारच्याने केले नाही, तर शेळ्या-मेंढ्या, वासरे आणि लहान मुले यांना असणारा धोका कायम राहतो. यास्तव हे काम कसे करून घ्यावे, हे ग्रामसेवक, सरपंच व शेतकरी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

निर्बीजीकरणच का ?

कुत्री मारून टाकणे कायद्यास मान्य नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २००१ मध्ये प्राणी जन्म नियंत्रण नियम करण्यात आले. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. निर्बीजीकरण व रेबीज-प्रतिबंधक लस ही या नियमांतील मुख्य उपाययोजना होय.

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असून ती साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते. समजा, गावात ५० माद्या आहेत आणि वर्षभरात फक्त १० माद्यांवर शस्त्रक्रिया झाली. उरलेल्या ४० माद्यांना वर्षातून एकदाच प्रत्येकी ४ पिले झाली, तरी १६० पिले जन्मास येतील. त्यांतील बरीच दगावली तरी संख्या घटत नाही. म्हणून थोडे थोडे काम अनेक वर्षे रेंगाळत ठेवण्यापेक्षा एकेक वस्ती निवडून तेथील किमान ७० टक्के कुत्र्यांचे काम अल्पावधीत पुरे करावे.

करार कोणाशी करावा ?

शस्त्रक्रियेत मादीचे अंडाशय व गर्भाशय आणि नराचे वृषण काढून टाकतात. हे काम पूर्ण भूल देऊनच करावयाचे असते. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणी झालेल्या पशुवैद्यकानेच ते केले पाहिजे. कराराच्या वेळी त्याचे नोंदणीपत्र व या शस्त्रक्रियेचा पूर्वानुभव पाहावा. काम संस्थेमार्फत द्यावयाचे असल्यास संस्थेस व तिच्या केंद्रास भारतीय प्राणी कल्याण मंडळाची मान्यता आहे, याची खात्री करून घ्यावी. एकाच लहान गावास स्वतंत्र केंद्र चालविणे परवडत नाही. अशा वेळी पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने शेजारच्या चार-पाच गावांनी एकत्र येऊन करार करणे इष्ट ठरते.

दर ठरविताना

मोबदला बहुधा दर कुत्र्यामागे ठरविला जातो. ही पद्धत हिशेबास सोपी आहे, परंतु तीत दोन उणिवा संभवतात. नराची शस्त्रक्रिया लवकर होते व तीस खर्च कमी येतो; दर एकच ठेवल्यास नरच अधिक पकडले जातात. वास्तविक थोडे नर शिल्लक राहिले तरी अनेक माद्या गाभण राहू शकतात. यास्तव मादीचा दर वेगळा ठेवून माद्यांची किमान संख्या करारात नमूद करावी. दुसरे असे की, संख्येच्या मागे लागून शस्त्रक्रियेनंतरच्या देखभालीत काटकसर होते. म्हणून भूल, औषधे, लस, अन्न व जखम भरेपर्यंतची शुश्रूषा दरातच अंतर्भूत असावी.

करारात पुढील बाबी स्पष्ट लिहाव्यात :

१. कुत्रे दुखापत न करता पकडावे. पकडल्याचे ठिकाण व तारीख नोंदवावी.
२. सहा महिन्यांखालील पिले व अंगावर पाजणाऱ्या माद्या पकडू नयेत.
३. शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस कुत्रे केंद्रात ठेवावे.
४. रेबीज-प्रतिबंधक लस टोचून कानास ओळखीची खाच द्यावी.
५. काढलेले अवयव समितीसमोर मोजून मगच त्यांची विल्हेवाट लावावी.
६. मृत्यू झाल्यास कारणासह नोंद करावी.

देयक तपासण्याची सोपी रीत

समजा, केंद्रात २० पिंजरे आहेत. आदला एक दिवस व नंतरचे चार, असे पाच दिवस प्रत्येक कुत्रे राहिले, तर सरासरीने दिवसास चारच शस्त्रक्रिया होऊ शकतात; तीस दिवसांत फार तर १२०. देयकात १८० आकडा दिसला, तर कुत्री मुदतीपूर्वी सोडली गेली किंवा आकडा तरी खोटा आहे, असे समजावे. अवयवांची मोजणी, पिंजऱ्यांची संख्या व सोडल्याची नोंद ही तिन्ही जुळल्याखेरीज रक्कम देऊ नये. गावचा पैसा व गावाची सुरक्षितता या दोहोंचे रक्षण यातच आहे.

सोडण्याबाबत

बरे झालेले कुत्रे पकडल्या ठिकाणीच सोडावे, असा सर्वसाधारण नियम आहे. पिसाळलेले, तसा संशय असलेले किंवा आक्रमक कुत्रे सोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतून नेलेली कुत्री तेथे परत सोडू नयेत, असे निर्देश दिले. करार करण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेले आदेश पाहून घ्यावेत.

शेतकऱ्यांनी काय करावे ?

कोंबड्या-बकऱ्यांचे टाकाऊ मांस व मेलेली जनावरे उघड्यावर टाकू नयेत. राखणीच्या कुत्र्यास दरवर्षी लस टोचून घ्यावी. कुत्रे चावल्यास जखम तत्काळ साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी; हळद, चुना वा तिखट भरू नये. चावा झालेल्या जनावराच्या तोंडात हात न घालता पशुवैद्यकास बोलवावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी क्वचितच वाचतो, हे सदैव ध्यानात ठेवावे.

पशुवैद्यकाचे कौशल्य, पंचायतीची दक्षता व गावकऱ्यांचे सहकार्य यांचा मेळ बसल्यास शिवारातील हा धोका काही वर्षांतच पुष्कळ कमी होईल, यात शंका नाही.