हाताला बूट

संग्रामपूर तालुका कपाशीचा. पावसाळ्यात फवारण्या सुरू झाल्या की वरवट बकालच्या कृषी केंद्रात औषधाबरोबर रबरी हातमोजेही मागितले जातात. जर्मन माणूस याच वस्तूला ‘हांडशू’ म्हणतो. हांड म्हणजे हात, शू म्हणजे बूट. हे सांगितलं की ऐकणारा हसतो, आणि मग एकेक गैरसमज बाहेर पडतो.

पहिला असा, की हाताला बूट चढवणं जर्मनांनाच सुचावं. अहो, आपणही तेच चढवतो! ‘मोजा’ फारसीतून आला आणि तिथे ‘मूझा’ म्हणजे चामडी, उंच बूट. मराठीत येईपर्यंत चामडं गेलं, सूत आलं, आणि बूट होता तो बुटाच्या आत जाऊन बसला. म्हणजे मुळाशी गेलं तर हातमोजा हा हातबूटच. पायमोजा तर ‘पायाचा बूट’. जणू बूट आणखी कुठे घालतात!

दुसरा गैरसमज, हा शब्द हल्लीच कुणी गमतीनं जोडला असावा. हायडेलबर्ग शहरात हांडशूसहाइम नावाचा भाग आहे. त्याच्या नावाची नोंद इ.स. ७६५ची, आणि त्याच्या मानचिन्हावर चक्क हातमोजा आहे. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यात ग्रेंडेल राक्षस ज्या योद्ध्याला गिळतो, त्याचं नावही हाँडशिओ, म्हणजे हातमोजाच.

तिसरा गैरसमज जरा शिकलेल्यांचा: हांड आणि हस्त एकच. कानाला पटतं, पण ध्वनींचा हिशेब जुळत नाही. संस्कृतातल्या ‘ह’च्या जागी जर्मनमध्ये बहुधा ‘ग’ येतो. आपला हंस तिकडे ‘गान्स’ होतो. हस्ताचा सख्खा भाऊ आहे फारसी ‘दस्त’. हिंदीतला ‘दस्ताना’ त्याचाच.

राहिला चौथा, की ‘हॅन्डग्लोज’ हा शुद्ध इंग्रजी शब्द. इंग्रज नुसतं ‘ग्लव्ह’ म्हणतो, कारण ते हातातच घालायचं असतं. जर्मनाला ‘हांड’ लावावाच लागतो, नाहीतर दुकानदार बूट काढून देईल. आपण इंग्रजीतही हात सोडला नाही. कृषी केंद्रात आज ‘हातमोजे’ मागणारे कमी, ‘हॅन्डग्लोज द्या’ म्हणणारेच जास्त.