चार दरवाज्यांची कूपे घ्यायचीय? आधी महिन्याचा हिशोब मांडा!



तामलवाडीच्या टोल नाक्यावर शेजारी मागे छत उतरत गेलेली एखादी देखणी गाडी थांबते आणि मनात येतं, "धंदा जमला की हीच घ्यायची!" स्वप्न जरूर बघा, पण हातात वही घेऊन बघा.

2010 मध्ये आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, उद्योजक-व्यावसायिकांनी गट करून एकदम 150 मर्सिडीज घेतल्या. सौदा सुमारे 65 कोटींचा! एकत्र गेल्यावर घासाघीस जमते, हे शिकण्यासारखंच आहे. पण खरेदी गटाने झाली, तरी हप्ता आणि डिझेल ज्याचं त्यालाच भरावं लागतं.

आधी आराम बघू. पुढच्या सीटवर राजेशाही थाट! पण उतरत्या छतामुळे मागे डोक्याला जागा कमी, आणि गाडी बुटकी, त्यामुळे वाकून बसावं लागतं. टेस्ट ड्राइव्हला आईला मागे बसवा, सोलापूरपर्यंत नेऊन आणा. मग गावातल्या स्पीड ब्रेकरवरूनही काढा. खालून घासली, तर तिथेच उत्तर मिळालं.

आता खर्च. समजा, गाडी 45 लाखांची. 9 लाख रोख भरले, 36 लाख कर्ज, 9 टक्के व्याज, 7 वर्षं.

- हप्ता: सुमारे 58,000
- महिना 1,500 किलोमीटर, लिटरला 12 चं ॲव्हरेज, इंधन 100 रुपये धरून: 12,500
- विमा, सर्व्हिस, टायर मिळून वर्षाला 2 लाख धरले तर महिन्याला: सुमारे 16,500

एकूण झाले 87,000. टोल आणि ड्रायव्हर वेगळे!

आता खरा प्रश्न. तुमच्या धंद्यात 10 टक्के निव्वळ नफा सुटत असेल, तर हा खर्च भागवायला दर महिन्याला 8 लाख 70 हजारांची जास्तीची विक्री लागेल. ती ही गाडी आणून देणार आहे का?

"कंपनीच्या नावावर घेतो, टॅक्स वाचेल," असं बरेच जण म्हणतात. धंद्यासाठी वापरलेल्या कारवर साधारण 15 टक्के घसारा मिळतो, हे खरं. पण प्रवासी वाहतूक, गाड्यांची विक्री किंवा ड्रायव्हिंग स्कूल सोडलं, तर अशा कारच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. आणि टॅक्समध्ये शंभर वाचवायला तीनशे-चारशे खर्च करणं, याला बचत म्हणत नाहीत!

आजचा गृहपाठ: सहा महिने दर महिन्याला 87,000 वेगळ्या खात्यात टाका. पगार, माल, उधारी सगळं सांभाळून जमलं, तर बिनधास्त शोरूमला जा. नाही जमलं, तर गाडी थांबेल; पण साठलेलं भांडवल तुमच्याच हातात राहील.