‘हिपोक्रिट’ : नटाचा ढोंगी कसा झाला?

इंग्रजीतील ‘हिपोक्रिट’ हा निंदाव्यंजक शब्द मुळात रंगभूमीवरचा आहे. प्राचीन अथेन्समध्ये ‘हिपोक्रितेस’ म्हणजे नट. ‘उत्तर देणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो सिद्ध झाला. नट हा वृंदाला उत्तर देणारा की काव्याचा अर्थ उलगडणारा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. नटाला तेथे प्रतिष्ठा होती. अरिस्टोडेमस हा नट मॅसिडोनच्या फिलिपकडे दूत म्हणून गेला होता. पुढे ग्रीक शुभवर्तमानांत धार्मिकतेचे प्रदर्शन मांडणाऱ्यांना हाच शब्द लावला गेला आणि लॅटिन-फ्रेंचमार्गे इंग्रजीत केवळ तेवढाच अर्थ उतरला. मराठी बायबलात त्यासाठी ‘ढोंगी’ आहे.

मराठीने हीच वाट अर्धी चाललेली दिसते. सोंगाड्या हा तमाशातील लोकप्रिय कलावंत. परंतु झोपेचे सोंग म्हणजे लबाडी. ‘नाटकी’ हे विशेषणही क्वचितच स्तुतीपर असते. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर उभारले त्या कोल्हापुरातही ‘नाटकं करू नकोस’ असेच दटावले जाते. पुढे ज्यांचे नाव त्या वास्तूस मिळाले, त्या केशवराव भोसले यांनी ‘शारदा’ची स्त्रीभूमिका गाजवली. पुरुषवाचक ‘नट’ अवनतीतून सुटला. ‘नटवी’ मात्र नखरेल स्त्री याच अर्थाने उरली.